हिरवळीचे दुखणे

गणेशचतुर्थीची सकाळ होती. घरात पूजेची धांदल चालली होती आणि पत्नी दूर्वा खुडण्यासाठी अंगणात गेली होती. आमच्या घरापुढे पंधरा फूट रुंद व वीस फूट लांब अशी एक हिरवळ आहे. श्रावण लागला की तिची कुंपणालगतची एक पट्टी आम्ही कापावयाची थांबवतो, म्हणजे चतुर्थीपर्यंत तिला पूजेजोग्या कोवळ्या दूर्वा येतात. त्या दिवशी मात्र पत्नी जवळजवळ रिकाम्या तबकाने परत आली आणि म्हणाली, "यंदा दूर्वा आजारी आहेत. जुनी पाती हिरवीगार, आणि कोवळी तेवढी पिवळी. घरातली म्हातारी माणसे धडधाकट आणि पोरे मात्र फिकट, असे कुठे असते का?"

मी हसलो, आणि बाजारातून एकवीस दूर्वांची जुडी आणून वेळ साजरी केली. त्या एका वाक्यात रोगाचे संपूर्ण निदान होते, हे कळावयास मला पुढे सहा महिने लागले. त्या सहा महिन्यांत मी जे जे केले, ते सांगताना आज संकोच वाटतो, तरीही सांगतो. कारण अशा प्रकारचे शहाणपण केवळ माझ्याच वाट्याला आले असेल, असे मला वाटत नाही.

एकाच वनस्पतीला आपण तीन नावांनी ओळखतो, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. देवापुढे ती दूर्वा असते, बंगल्यापुढे ती 'लॉन' होते आणि शेतात तिला हरळी म्हणतात. पहिल्या नावात भक्ती आहे, दुसऱ्यात ऐट आहे आणि तिसऱ्यात शिवी आहे. काळ्या रानात हरळी माजली की कुळवाला दाद देत नाही. तिच्या काशा खोल खणून, वेचून, बांधावर वाळत टाकाव्या लागतात. मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो. हिरवळीची माझी आवड शेतातून आलेली नाही आणि देवघरातूनही नाही. ती आली कादंबऱ्यांतून. इंग्लंडातील ओलसर, थंड हवेत जे गवत जवळजवळ आपोआप वाढते, त्याचा हव्यास दख्खनच्या कातळावर धरणे हा मुळातच एक अव्यापारेषु व्यापार आहे. पण निगडीच्या प्राधिकरणात घर बांधले तेव्हा घरापुढे हिरवळ नसेल तर ते घर कसले, असेच मला वाटले होते.

डाग प्रथम तीन होते. कार्तिकापर्यंत ते एकमेकांत मिसळून अंगणाच्या मध्यावर पिवळसर नकाशासारखा एक मोठा डाग पसरला. मी विचार केला आणि पहिला आरोप पाण्यावर ठेवला. २०१९ सालच्या नोव्हेंबरपासून आमच्या शहरात एक दिवसाआड पाणी येऊ लागले, तेव्हापासून हिरवळीला आम्ही बोअरचे पाणी घालीत होतो. ते कमी पडत असावे असे ठरवून मी ते दुप्पट केले. पाण्याचा विषय निघाला की या शहरातील माणसाने खरे म्हणजे जपून बोलावे. ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळातील बऊर येथे, पवना धरणातून आमच्या शहराकडे येणाऱ्या बंद जलवाहिनीच्या विरोधात शेतकरी रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात त्यांपैकी तिघे मरण पावले. त्या पवनेचे पाणी मी अनेक वर्षे गवताला पाजीत होतो. बोअर घेतल्यावर मनाला थोडे बरे वाटले होते; निदान हे पाणी आपल्याच जमिनीतले, असे समाधान होते. भूगर्भातील पाण्याला कुंपण नसते हे माहीत असूनही माणसाला अशी समाधाने लागतात.

पाणी दुप्पट झाले आणि डाग वाढला. तेव्हा माझा संशय शेजाऱ्यांच्या कुत्र्यावर गेला. कुत्र्याच्या मूत्राने गवत जळते, हे मी कोठेतरी वाचले होते. ते खरेही आहे. पण तशा डागाची एक खूण असते. मधला भाग करपतो, आणि कडेला, जेथे मूत्रातील नत्र सौम्य होऊन पोहोचते, तेथे गवत उलट अधिक गर्द हिरवे होऊन एक कडे तयार होते. माझ्या डागाला असे कडे नव्हते. पण वाचताना आपण आपल्याला हवे तेवढेच वाचतो. फाटकापाशी उभे राहून मी शेजाऱ्यांना दोन शब्द ऐकवले. शेजारी सज्जन, त्यांनी कुत्र्याची साखळी आखूड केली आणि आमच्याकडे येणे-जाणेही तेवढेच आखूड केले.

यानंतर पाळी आली खताची. पिवळे म्हणजे उपाशी, आणि उपाशी म्हणजे नत्र कमी, हा हिशेब इतका सरळ होता की त्याची शंकाच आली नाही. मी मुठीमुठीने युरिया फेकला. चार दिवस गवत तरारले, मग अधिकच निस्तेज झाले. आज मला याचे कारण ठाऊक आहे. नत्राने गवत भराभर वाढते, आणि जो घटक त्याला आधीच मिळत नसतो त्याची उणीव त्या वाढीत अधिकच जाणवते. उपाशी मुलाला जेवण न देता व्यायाम करावयास लावावे, तसा हा प्रकार होता.

मग बुरशीची शंका आली, आणि या शंकेने मला थोडा स्थानिक अभिमानही दिला. आमच्या पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. पेनिसिलिन हे औषध मुळात एका बुरशीचे देणे. ते मोठ्या प्रमाणावर तयार करणे हे त्या कारखान्याचे पहिले काम. पुढे १९६० नंतरच्या दशकात तेथील डॉ. थिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशीलाच मारणारी औषधे शोधून काढली. त्यांतले 'हॅमायसिन' माणसांसाठी होते आणि 'ऑरिओफंगिन' पिकांच्या रोगांसाठी वापरात आले. एका हाताने बुरशी पोसावी आणि दुसऱ्या हाताने तिचा नायनाट करावा, असे हे पिंपरीचे मोठे विलक्षण वैद्यक. त्या अभिमानाच्या भरात मी दुकानातून एक बुरशीनाशक आणले आणि फवारले. पात्यांवर ठिपके नव्हते, पहाटेच्या दवात कोळिष्टकासारखे धागे दिसत नव्हते, म्हणजे बुरशीची एकही खूण नव्हती; तरी फवारले. रोग नसताना घेतलेल्या औषधाचा जो परिणाम होतो, तोच झाला.

हुमणीची तपासणी मात्र मी रीतसर केली. वळवाच्या पहिल्या पावसानंतर हिचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून बाहेर पडून कडुनिंब-बाभळीवर जमतात. मग जमिनीतील अंड्यांतून पांढऱ्या, वाकड्या अळ्या निघतात आणि पावसाळाभर मुळे कुरतडतात. मुळे तुटलेली हिरवळ हाताने ओढली असता सतरंजीसारखी गुंडाळून येते. मी दोन्ही हातांनी गवत ओढले. गवत आले नाही. कमरेत मात्र उसण भरली.

आता आरोपींच्या यादीत एकच नाव उरले होते: आमचे माळी. त्यांना सगळी आळी मामा म्हणते. वय सत्तरीच्या घरात. आठवड्यातून दोनदा येत, गवत कापीत, तण वेचीत आणि गुळाचा चहा घेऊन जात. पहिला डाग दिसला तेव्हाच ते म्हणाले होते, "सर, खत कमी न्हाई पडलं. खाली कायतरी हाय. हितं जमीन लवकर तापतीया, पावलाला कळतंय." मामा अनवाणी काम करतात. मी पुस्तकात डोके घालून म्हटले होते, "पायाला कळून काय उपयोग, मामा? कारण कळले पाहिजे." मार्गशीर्षात एके सकाळी मी त्यांना सरळ विचारले, की यंत्राचे पाते फार खाली लावता का, की खत दुसरीकडेच पडते? दुसरा प्रश्न तोंडातून गेला आणि तो गेल्याचे मला त्याच क्षणी कळले. म्हातारा काही बोलला नाही. यंत्र पुसून त्याने जागेवर ठेवले, चहाला नको म्हणाला आणि गेला. पुढच्या आठवड्यात तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

पत्नीने त्या दिवशी एवढेच विचारले, "युरियाची पिशवी तर तुम्हीच संपवलीत ना?"

महाशिवरात्रीच्या सुमारास कपडे वाळत घालण्याच्या तारेसाठी खांब रोवावयाचा होता. जागा पाहण्यासाठी मी एक लोखंडी सळई घेऊन अंगणात ठिकठिकाणी टोचू लागलो. कडेला ती फूटभर सहज गेली. पिवळ्या डागावर आलो तशी चार बोटे जाऊन खट्कन थांबली. दुसरीकडे टोचली, पुन्हा खट्. डागाच्या हद्दीत सगळीकडे खट्, हद्दीबाहेर कोठेच नाही. नकाशा वरून दिसत होता, तो खालीही तसाच होता. मी खुरप्याने माती उकरली. विटांचे तुकडे, गिलाव्याचे खापे, सिमेंटचे गठ्ठे, चुना. मोरी धुण्याच्या आम्लाचे चार थेंब त्यांवर टाकले, तशी माती फसफसून उठली.

मग मी शहाण्यासारखे वागलो. डागातील व डागाबाहेरील माती अर्धा फूट खोलीपर्यंत घेऊन दोन निराळ्या पिशव्यांत परीक्षेला पाठवली. चांगल्या हिरवळीला मातीचा सामू साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान मानवतो. डागातील मातीचा तो साडेआठाच्या घरात निघाला आणि चुनखडी भरपूर. बोअरचे पाणीही जड होते. क्षार देण्याच्या बाबतीत फारच उदार. म्हणजे राडारोड्याने खालून आणि पाण्याने वरून, असा चुन्याचा दुहेरी मारा चालला होता, आणि मी ते पाणी दुप्पट केले होते.

चुन्याचा आणि पिवळेपणाचा संबंध काय, हे समजून घेताना मला खरा चमत्कार दिसला. पानातील हरितद्रव्य घडवण्यास झाडाला लोह लागते. अगदी थोडे, पण लागतेच. आमच्या दख्खनच्या कातळात लोहाला तोटा नाही. आमचा लाल मुरूम लाल आहे तो लोहाच्या गंजामुळेच. पण मातीत चुना वाढला, सामू चढला, की ते लोह मुळांना विरघळलेल्या रूपात मिळेनासे होते. कोठार भरलेले असते, फक्त त्याला कुलूप लागते. त्यात मातीत पाणी साचू दिले की कुलूप आणखी घट्ट बसते. ज्या गावच्या आसमंतात दिवसरात्र लोखंड कापले, ठोकले, ओतले जाते, ज्या रस्त्याने चाकणकडून मोटारी लादलेल्या गाड्यांची रांग तुटत नाही, त्या गावात माझे गवत लोहावाचून उपाशी होते.

आणि पत्नीच्या तबकातील दूर्वांचा अर्थ तेव्हा मला लागला. नत्र कमी पडले की झाड जुन्या पानांतील नत्र काढून नव्या पानांना देते. म्हणून जुनी पाने आधी पिवळी पडतात. लोहाचे तसे नाही. ते एकदा जुन्या पानात जाऊन बसले की तेथून सहसा हलत नाही. पुरवठा तुटला की जुनी पाने हिरवीच राहतात आणि कोवळी पिवळी निघतात, शिरा तेवढ्या हिरव्या. युरिया द्यावा की देऊ नये, हे ठरवावयास एवढे एक निरीक्षण पुरे होते. ते चतुर्थीच्या सकाळी माझ्यापुढे तबकात मांडले गेले होते. तीस वर्षे वर्गात विद्यार्थ्यांना 'नीट वाचा' म्हणून सांगणाऱ्या माणसाने ते वाचले नाही.

राहिला एक प्रश्न: तो राडारोडा तेथे आला कोठून? हा प्रश्न मी कंत्राटदाराच्या नावाने पुटपुटत होतो. पत्नी शांतपणे म्हणाली, "तुम्हीच नाही का सांगितलेत?" आणि सगळे लख्ख आठवले. २००६ साल. घर पुरे झाले होते, पैसे संपले होते. कंत्राटदाराने विचारले, "साहेब, हा ढीग उचलायला दोन ट्रक लागतील. त्याचे पैसे निराळे." मी अंगणातील खड्ड्याकडे पाहिले आणि म्हणालो, "यातच ढकला आणि वर माती पसरा. वर गवतच तर लावायचे आहे." दोन ट्रकांचे भाडे वाचवल्याचा मला त्या वेळी आनंद झाला होता. बरीच वर्षे वरच्या मातीने ते झाकून नेले. मग माती दबली, मुळे खाली पोहोचली, जड पाणी सुरू झाले, आणि पुरलेले ते वर आले.

पाणी, कुत्रा, खत, बुरशी, कीड, माळी. मी सहा आरोपी तपासले. सातव्याचा जबाब घेण्याचे मला सुचलेच नव्हते, कारण तपास त्याच्याचकडे होता.

पहिला उपाय सोपा होता. हिराकस बाजारात सहज मिळते. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर लिंबूसत्त्व घालून उन्हे कलल्यावर फवारले, की पात्यांतूनच लोह आत जाते. पाच-सहा दिवसांत डाग हिरवा झाला. ओसरीच्या फरशीवर जे शिंतोडे उडाले ते मात्र तांबूस गंजासारखे कायमचे राहिले. फवारणी करणाऱ्यांनी फरशीवर आधी पाणी मारावे, हे माझ्या खर्चाने शिकावे. पण महिन्याभरात नवी पाती पुन्हा पिवळीच आली. वरून दिलेले लोह त्या पात्यांपुरते. पुढच्या पात्यांची सोय मुळांनीच केली पाहिजे, आणि मुळांपाशी तर चुना. खणल्यावाचून गत्यंतर नव्हते. आणि खणावयाचे तर मामांवाचून गत्यंतर नव्हते. किंवा खरे सांगावयाचे तर मामांकडे जाण्याला मला आता एक सबब मिळाली होती. नुसती क्षमा मागावयास जाणे माझ्यासारख्याला फार जड जाते.

मामा आकुर्डीच्या जुन्या गावठाणात राहतात. मी गेलो तेव्हा ते दारात खाटेवर बसले होते. "या, सर," म्हणून त्यांनी सरकून जागा केली. मी राडारोड्याची हकीकत सांगितली, तो मीच पुरावयास सांगितला होता हेही सांगितले, आणि खताविषयी जे बोललो ते बोलावयास नको होते, असे म्हणालो. मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माझ्या पायाला कळलं व्हतं." दुसरा एक शब्द त्यांनी त्याविषयी काढला नाही; तेव्हाही नाही आणि पुढेही नाही.

चहा घेताना बोलणे जमिनीवर आले. १९७२ साली प्राधिकरण स्थापन झाले, आणि नव्या नगरासाठी या भागातील शेते संपादनात गेली. त्यांत मामांच्या वडिलांचीही होती. २०२१ साली ते प्राधिकरणही मोडले आणि पुणे महानगराच्या प्राधिकरणात मिसळून गेले. शेते घेणारा गेला, देणारे केव्हाच गेले, घरे मात्र राहिली. येथून जवळच असलेल्या पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास करून पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मान यांनी १९१७ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. दीडशे वर्षांत त्या गावातील सरासरी खातेदाराची जमीन सुमारे ४० एकरांवरून ७ एकरांवर कशी आली, हे त्यांनी दाखवले होते. ते पुस्तक माझ्या कपाटात आहे. ७ एकरांचे पुढे काय झाले याचे उत्तर माझ्या शेजारी खाटेवर बसून चहा फुंकत होते, आणि ते आठवड्यातून दोनदा माझ्या अंगणात येत असताना मी त्यांना कधी विचारले नव्हते.

वैशाखात आम्ही अंगण खणले. आम्ही म्हणजे मामा, त्यांचा नातू आणि घमेली वाहून नेण्यापुरता मी. दीड फुटापर्यंतचा राडारोडा निघाला. तो न्यावयास दोन ट्रक लागले. कंत्राटदाराचा अंदाज अगदी बरोबर होता. खड्ड्यात पोयटा आणि चांगले कुजलेले शेणखत भरले, पाणी देऊन माती दबू दिली, थोडा गंधक मिसळला. आता पाणी रोज शिंपडत नाही. माती वाळू देतो आणि मग एकदाच खोलवर देतो. छपराचे पावसाचे पाणी टाकीत साठवतो. त्यात चुना नसतो. कापताना पात्याच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक कापावयाचे नाही, असा नियम आहे आणि तो मामाच मोडू देत नाहीत.

मृगाच्या पहिल्या सरी पडल्यावर त्यांनी हरळीच्या काशा चार-चार बोटांवर टोचावयास घेतल्या. मी शेजारी उकिडवा बसून त्यांना एकेक जुडी देत होतो. मधेच ते थांबले आणि एकटेच हसू लागले. मी विचारले, "काय झाले, मामा?"

"काय न्हाई. आमचा बा या रानातली हरळी काढता काढता म्हातारा झाला. म्हनायचा, एक काशी ऱ्हायली तर सोडनार न्हाई तुम्हाला." हातातील काशी त्यांनी मातीत दाबली. "आन् मी लावतोय."

त्यांच्या हसण्यात कडवटपणा नव्हता. तो असता तर मला बरे वाटले असते. मी काहीच बोललो नाही. पुढची जुडी पुढे केली.

शेजाऱ्यांकडेही मी जाऊन आलो. त्यांच्या कुत्र्याची साखळी आता पूर्ववत् लांब झाली आहे. परवा तो फाटकातून आत आला आणि नव्या हिरवळीच्या कोपऱ्यात त्याने आपले काम उरकले. आठ दिवसांनी तेथे एक करपलेला ठिपका दिसू लागला, आणि त्याच्याभोवती गर्द हिरवे कडे. मामांनी तो मला दाखवला. आम्ही दोघांनीही ओळखला. त्यावर बादलीभर पाणी ओतले, आणि शेजाऱ्यांना काही सांगितले नाही.